अकरा बादल्या वाळू

पहाटे पाच. १३८ अंश.

माझ्या धाकट्या जावेने ऊन कोंडून ठेवलंय, असं लोक म्हणतात. मी म्हणते, तिने वाळू तापवली आहे. वाळू उन्हात आपली आपणही तापते. तिचं कुणी कौतुक करत नाही.

आधी घर सांगते. आमची लाँड्री आहे. सासरे, दोन भाऊ आणि त्या दोघांच्या आम्ही दोघी. थोरली मी. खाली धुलाई, मागे वाळवणीची खोली, वर आम्ही राहतो. गिऱ्हाईक म्हणावं तर एकच, हॉस्पिटल. त्यांच्या चादरी संध्याकाळी येतात आणि सकाळी नऊला धुऊन, वाळवून, घडी घालून परत हव्या असतात. म्हणजे पाचला पाणी कढत हवं. सूर्य काही पाचला कामावर येत नाही.

मी यायचे. पंधरा वर्षं चारला उठून बॉयलरमध्ये लाकूड भरलं. "थोरली उठली का?" असं सासरे अंथरुणातूनच विचारायचे आणि बॉयलरचं दार आपटलेलं ऐकलं की कूस बदलून झोपायचे. ह्या घरात माझी कधी कुणी स्तुती केली नाही. पण मला ताप आला की हॉस्पिटलच्या चादरी ओल्या राहायच्या. मला तेवढं पुरत होतं.

आता पाच वाजता एक पंखा आपोआप सुरू होतो. वाळूतल्या नळ्यांमधून हवा फिरते, तापते, पाण्याला जाते, वाळवणीला जाते. मी चारला अजूनही जागी होते. पडून राहते. कुणी काही विचारत नाही.

दुपारी एक. ४१५ अंश.

हे कसं झालं ते.

छतावर पॅनल बसवले तेव्हा सगळे खूश होते. मग कळलं की दुपारी वीज नको तितकी आणि पहाटे हवी तेव्हा शून्य. बॅटरीवाला आला. त्याने आकडा सांगितला. सासरे म्हणाले, "मी जरा बसतो." ते बसलेलेच होते.

तेव्हा धाकटी बोलली. लग्नाआधी ती टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायची. ती म्हणाली, "बाबा, आपल्याला वीज कुठे हवीय? आपल्याला ऊब हवीय. ऊब साठवायला बॅटरी कशाला?"

बस्स, एवढं एक वाक्य. ह्या वाक्यावर ती आजवर जेवते आहे.

भंगारातून पत्र्याची जुनी टाकी आणली, माझ्या उंचीहून हातभर उंच, आणि वाळवणीच्या खोलीत उभी केली. आत विजेची वेटोळी आणि हवेच्या नळ्या. मग वाळू, सुकी, चाळलेली, कितीतरी पोती. बाहेरून काचेची लोकर गुंडाळली, त्यावर पातळ पत्र्याचं कवच आणि ते धरायला ठोकलेल्या रिबिटा. दुपारची फुकट जाणारी वीज वेटोळ्यांतून वाळूत जाते. वाळू ती धरून ठेवते. पहाटेपर्यंत.

सगळे तिला कोठी म्हणतात. मी एकदा "माझी सवत" म्हणाले. आमचे हे हसले. मी हसले नव्हते.

धाकटीबद्दल कोण काय म्हणालं, ते

सासरे: पोरगी डोक्याची आहे. (पंधरा वर्षांत त्यांनी माझ्या डोक्याचा उल्लेख एकदाच केला. मला डोकं नाही, असा.) दीर: आमच्या हिचं काही विचारू नका. कुणी विचारलं नव्हतं. लाकूडवाला: त्याची पोटापाण्याची अडचण झाली तरी जाताना म्हणाला, वहिनी, तुमची जाऊ हुशार हो. समोरची शिंपीण: आता तुम्हाला आराम. आमचे हे, माझा स्वतःचा नवरा, रात्रीचं जेवताना: धूर गेला घरातून, नाही का?

धूर म्हणजे कोण, हे मी त्यांना विचारलं नाही.

आणि ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती "ताई, तुम्ही आधी बसा" म्हणते. माझ्या पाठीला तेल लावून देते. माणसाला धड द्वेषही करू देत नाही.

पहाटे सहा. १२० अंश. पहिली बादली.

कोठी सुरू होऊन तीनेक आठवडे झाले होते. सगळे घड्या घालत होते. मी शिडी लावून वर चढले. मला कुणी सांगितलं नव्हतं. सवतीचं तोंड बघायचं होतं, दुसरं काही नाही.

झाकण फडक्याने धरून उचललं. ऊब अंगावर आली. आत बघितलं तर वाळू खाली गेली होती. पत्र्यावर आधीच्या पातळीची पुसट रेघ दिसत होती, तिच्याहून दोन बोटं खाली.

मला काय झालं ते खरं सांगते. आनंद झाला. कमी पडली, असं मनात आलं. इतका स्वच्छ आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

मग लक्षात आलं की खाली जाऊन सांगितलं, तर ती वर येईल, बघेल, कागदावर काहीतरी काढेल, दुरुस्त करेल, आणि सासरे म्हणतील, पोरगी डोक्याची आहे. मी सांगणारी. ती करणारी.

आणि दुसरं म्हणजे माझा हात. साबणाचं पिंप, सोड्याचा डबा, लाकडाची रास, पंधरा वर्षांत ह्यातलं काही मी खाली जाऊ दिलं नाही. कमी दिसलं की भरायचं. त्याला विचार लागत नाही. कोपऱ्यात उरलेल्या वाळूची पोती होती. एक बादली भरली, वर नेली, हळूच ओतली, लहानशा फळीने सारखी केली. पातळी पुन्हा रेघेला लागली.

उतरले तेव्हा कंबर भरून आली होती आणि मला फार बरं वाटत होतं. आता त्या कोठीत एक बादली माझी होती.

त्या दिवशी सोमवार होता. हॉस्पिटलातून ऑपरेशनचे हिरवे कपडे येतात त्या दोन दिवसांतला एक. ते वेगळे उकळावे लागतात, म्हणून लक्षात आहे.

जेवताना

"गंमत सांगू? वाळू बसतच नाहीये." धाकटी.

"बसत नाही म्हणजे?" सासरे.

"मला वाटलं होतं तापून निवून, तापून निवून ती खाली उतरत जाईल. चांगली हातभर. मी आज झाकण उघडून बघितलं. जिथल्या तिथे. दीड महिना झाला."

"तुझ्या हाताला यश आहे."

"यश कसलं बाबा, माझा अंदाज चुकला."

"चुकला तोही चांगल्या बाजूने चुकला. आमच्याकडे लोकांचे बरोबर अंदाजसुद्धा महागात पडतात." हे माझ्याकडे बघून. मी घेतलेलं लाकूड ओलं निघाल्याची एक जुनी गोष्ट आहे, ती पुन्हा नको.

मी भाजी वाढली. तोपर्यंत सहा बादल्या झाल्या होत्या. त्या कोठीची पातळी म्हणजे माझे हात होते आणि यश तिच्या हाताला होतं. मी तिच्या ताटात जास्तीची भाजी वाढली. ती म्हणाली, "पुरे ताई, पुरे." मी म्हणाले, "घे गं, कमी दिसतंय."

४०८ अंश, पाहुणे असताना

हॉस्पिटलच्या इंजिनिअर बाई कोठी बघायला आल्या. पायात जाड बूट, हातात वही. त्यांना हॉस्पिटलसाठी अशीच हवी होती, दहापट मोठी. आंघोळीचं पाणी, धुलाई, सगळं त्यावर. जागा ठरली होती, मुलांच्या वॉर्डाच्या भिंतीला लागून.

त्यांनी सगळं विचारलं. तापमान किती, किती तास टिकतं, पंखा कुठला. मग विचारलं, "वाळू किती बसते?"

"शून्य," धाकटी म्हणाली.

बाईंनी वहीत शून्य काढलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ते शून्य मी उलटं बघितलं. शून्य उलटं बघितलं तरी शून्यच दिसतं. त्यात तेव्हा माझ्या नऊ बादल्या होत्या.

सांगता आलं असतं. पण काय सांगू? मी हिची मदतनीस आहे, हिच्या नकळत? शिवाय चहा थंड होत होता.

टक्

अकरावी बादली घातली त्याच्या तिसऱ्या दिवशी. दुपारी तीन, कोठी ४२०ला. वाळवणीच्या खोलीत मी चादरी ओढत होते. टक्. मग थोड्या वेळाने पुन्हा टक्. एक रिबीट उडून माझ्या पायाशी पडली.

बाहेरचं कवच मधोमध फुगलं होतं, जेवणावळीहून परतलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखं. रिबिटा एकेक सुटत होत्या. खाली, पत्र्याच्या शिवणीजवळ, लोकर फाडून वाळूची एक बारीक धार पडत होती. जिथे पडली तिथे चादरीचं टोक तपकिरी झालं.

दीर धावत आला, वीज बंद केली. धाकटी आली, उभी राहिली, दोन्ही हात डोक्यावर. तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मला वाटलं होतं तो चेहरा बघून मला आवडेल.

थोडं आवडलंही.

कागद

कोठी सुरू केली त्या दिवशी तिने पंखा लावायच्या खटक्यांशेजारी एक कागद चिकटवला होता. सूचना. घरात सगळ्यांनी वाचला. सासऱ्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा मी मुद्दाम नळ सोडला होता. तिने लिहावं आणि मी वाचावं, एवढी मी अजून तिच्या हाताखालची झाले नव्हते.

त्या दिवशी सगळे शिवणीभोवती असताना मी तो वाचला. सात सूचना. पाचवी:

"वाळू हळूहळू खाली बसेल. बसू द्यावी. वरून भर घालू नये. तापल्यावर कोठी थोडी फुगते आणि वाळू त्या फटीत उतरते. निवताना कोठीला परत आवळायचं असतं. वर भर घातली तर दर खेपेला वाळू आणखी घट्ट ठासली जाईल, आवळायला जागा राहणार नाही, पत्रा ताणत जाईल आणि एक दिवस फाटेल."

"घालू नये"खाली दोन रेघा.

मी पुन्हा वाचला. मग बाजूला झाले, कारण आमचे हे हात पुसायला फडकं शोधत येत होते.

कबुली, पहिला प्रयत्न

बाबा, मला एक सांगायचं आहे. ते असं की ज्या अर्थी वाळू

दुसरा प्रयत्न

धाकटे, इकडे ये. चिडणार नसशील तर. किंवा चीड, पण आधी

तिसरा

(हा मी बॉयलरला सांगितला. थंड पडला होता, आत कोळी राहत होता.) हे बघ. मी गप्प बसले तर कोठी मोडीत जाते. दहापट मोठी कोठी रद्द. ती पुन्हा चादरी मोजायला लागते. चारला पुन्हा कुणीतरी उठावं लागतं. थोरली उठली का? उठली. मला काही करायचंही नाही. फक्त न बोलायचं. आणि न बोलण्यात माझा हात कोण धरणार? ह्या घरात पंधरा वर्षं मी तेच तर शिकले

बॉयलर काही म्हणाला नाही. बॉयलर नेहमीच माझ्या बाजूने होता.

दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा. २९० अंश आणि उतरतंय.

इंजिनिअर बाई आल्या. सगळे खालच्या खोलीत, गठ्ठ्यांवर बसून. धाकटी उभी.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "जुन्या टाकीचा पत्रा पातळ होता, तो मी चालवून घेतला. कुणाचाही दोष नाही."

सासरे हळूच म्हणाले, "असू दे गं. माणसाकडून होतं."

माणसाकडून होतं. ओल्या लाकडाच्या वेळी मी माणूस नव्हते.

बाई म्हणाल्या, "इतकं सरळ सांगणारी माणसं मला कामात फार थोडी भेटली. मला तुमच्याबरोबरच काम करायचंय. आपण दुप्पट जाड पत्रा घेऊ."

दिराचे डोळे भरून आले. आमचे हे मान हलवत होते. सासरे म्हणाले, "मन मोठं आहे पोरीचं."

मी घडी घालत होते. एकाच चादरीची मी चौथ्यांदा घडी घालत होते. कोठी फुटली तरी कौतुक तिचंच. तिने काय केलं होतं? काही नाही. चूकसुद्धा तिची नव्हती. चूक माझी होती, मी शिडी चढून चढून केलेली, माझ्या कंबरेने वाहिलेली, आणि तीही तिने उचलून स्वतःच्या अंगावर शालीसारखी घेतली होती.

मग ती खटक्यांकडे गेली. पेन काढलं. "आणि हे पाचवं खोडते," ती म्हणाली. "वाळू बसत नाही, हे आता सिद्ध झालंय. तरी पत्रा फाटला, म्हणजे माझा हा विचारच चुकीचा होता. मोठ्या कोठीला ही अट नको. तिथे बसली वाटली तर खुशाल भर घालू द्या."

बाईंनी लिहायला वही उघडली.

पेन "भर" ह्या शब्दावर टेकलं होतं.

"ती वाळू माझी आहे," मी म्हणाले.

कुणाला कळलं नाही. आमचे हे म्हणाले, "कुठली?"

"बसते वाळू. चांगली दोन दोन बोटं बसते. मी भरत होते. तिचं काही चुकलेलं नाही, पत्रा पातळबितळ काही नाही. मी फोडली कोठी. आणि तू, उगीच दुसऱ्याच्या चुका घेऊन मोठेपणा करू नकोस."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. बाई वहीतल्या त्या शून्याकडे बघत होत्या.

धाकटी वळली. मी हातातली चादर छातीशी धरून उभी राहिले. आता बोलेल, वाटलं. बोलावं.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"बादल्या."

"अकरा."

"भरून की अर्ध्या?"

"भरून. मी अर्धं काही करत नाही."

"कधी कधी, आठवतंय?"

"हिरवे कपडे येतात त्या दिवशी. सोमवारी आणि गुरुवारी. मधले दोन सोमवार चुकले, तुझ्या माहेरची माणसं होती."

ती गठ्ठ्यावर बसली, बाईंकडून पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली. बादली एवढी, कोठी एवढी, दर खेपेला इतकी उतरली. दोघी डोकं जुळवून. बाई म्हणाल्या, "हे आपल्याला प्रयोग करूनही मिळालं नसतं." त्यांनी शून्य खोडलं.

"अगं, ओरड ना," मी म्हणाले.

"ओरडते ताई. आधी मोजू दे."

चार दिवस, अंश नाहीत

कोठी निवेपर्यंत बॉयलर पेटवावा लागला. मी चारला उठले. कोळ्याला काढलं, लाकूड भरलं, दार आपटलं. वरून कुणी काही विचारलं नाही, पण सगळे जागे होते, ते कळतं. माझ्याशी सासरे बोलत नव्हते. आमचे हे बोलत होते, पण हवामानाबद्दल.

धुराने डोळे चुरचुरले. पूर्वी चुरचुरत असतील का, आठवेना. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या सिस्टरने दोन गठ्ठे परत पाठवले. चिठ्ठी होती: चादरींना धुराचा वास येतो, मुलं नाक मुरडतात. पंधरा वर्षं त्याच चादरी, तोच धूर, कधी चिठ्ठी आली नाही. दोन महिन्यांत तिने अख्ख्या हॉस्पिटलचं नाक बदलून ठेवलं होतं.

मी एक चादर नाकाशी धरली. वास होता.

मी दोन्ही गठ्ठे पुन्हा धुतले. ते कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी, हात लावता येईल इतकी

वाळू वरून उपसायची होती. कोठीच्या तोंडातून माणूस जेमतेम आत जाईल. धाकटी बारीक, ती उतरली. मी वर शिडीवर, दोरी आणि बादली घेऊन. ती भरायची, मी ओढायची. पुरुष पोती वाहून नेत होते.

पंधरावीस बादल्या वर आल्या. मग ती आतून बोलायला लागली. त्या पत्र्यात तिचा आवाज केवढा मोठा होत होता.

"महिनाभर," आवाज आला. "महिनाभर मी लोकांना सांगत फिरले, बसत नाही, बसत नाही. कारखान्यातल्या माझ्या जुन्या साहेबांना पत्र लिहिलं मी. मूर्ख दिसले."

"दिसलीस खरी."

"मुलांच्या वॉर्डाला लागून होती ती, ताई. दहापट मोठी."

मी रिकामी बादली पुन्हा आत सोडली.

"मी तुम्हाला काय केलं होतं? सांगा ना. काय वाईट केलं?"

"काही नाही. तेच तर."

"तेच तर म्हणजे? हे काय उत्तर आहे? पाठीला तेल लावत होते मी तुमच्या. त्याच पाठीने बादल्या वाहिल्यात तुम्ही."

बाहेर दीर पोतं खाली ठेवून ऐकायला लागला. मी त्याला हाताने जा म्हणाले. ती आत ओरडत होती, खरंच ओरडत होती, घसा फाटेस्तोवर, आणि वाळूवर फावडं आपटत होती. नाकातून पाणी येत असावं, अधूनमधून ओढत होती. माझ्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. मत्सर नव्हे, तो होता तिथेच होता. पण इतके दिवस मी एकटीच भांडत होते.

"आणि तो कागद," ती म्हणाली. "भिंतीवर लावला होता. डोळ्यांसमोर. तुम्हाला वाचता येत नव्हतं का?"

"येत होतं."

"मग?"

दोरी हाताला काचत होती. मी ती दुसऱ्या हातात घेतली.

"तुझं अक्षर चांगलं आहे," मी म्हणाले. "म्हणून नाही वाचला."

आतून दोरीला हिसका बसला. बादली काठोकाठ भरली होती, मुद्दाम भरली होती, वर दोन मुठी दाबूनसुद्धा. मी दात आवळले आणि ओढायला लागले.